दुर्पताच्या गळ्यातला देव

बसा. अल्बम दाखवतो, त्यासाठीच तर तुम्ही नागपूरहून एवढं लांब आलात. मोगल नाणी आहेत, भोसल्यांचे नागपुरी रुपये आहेत. पण फोनवर तुम्ही विचारलंत ती युरोपातली जुनी चांदीची नाणी आता माझ्याकडं एकही नाहीत. एके काळी तेवीस होती. वीस मी लोकांना देऊन टाकली. उरलेली तीन कुठं आहेत ते सांगतो. चहा होईपर्यंत ऐका. हे सगळं तुम्ही खरं मानता का, असं मात्र विचारू नका. झालं ते सांगतोय, एवढंच.

मी तेव्हा सालेकसा तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात होतो. हुद्दा पर्यवेक्षकाचा, पण गावोगावी डॉक्टरच म्हणायचे. २००६ सालच्या मे महिन्यात पावसाळ्याआधीचं घटसर्पाचं लसीकरण चाललं होतं. मोटारसायकलला बर्फाचा डबा बांधून मी सकाळीच निघालो आणि दर्रेकसाच्या जंगलाकडच्या कोसमटोल्यावर पोचलो. पंधरावीस घरं, सगळी गोंडांची. बरीचशी माणसं तेंदूपत्ता तोडायला गेलेली. एका अंगणात दुर्पता नावाची म्हातारी एकटीच आपला बैल शिंगांना धरून उभी होती. सत्तरीची असेल, पण बैल हलत नव्हता.

सुई भरता भरता माझं लक्ष तिच्या गळ्याकडं गेलं, आणि हात तिथंच थांबला.

"डॉक्टर, माह्या गऱ्याकडं काऊन पाहून राहिले? सुई बैलाले टोचाची आहे," ती म्हणाली.

तिच्या गळ्यात नाण्यांची माळ होती. तशी माळ तिकडच्या बऱ्याच बायांच्या गळ्यात असते, राणीछाप रुपयांची. हिच्या माळेत मधोमध तीन मोठी नाणी होती. एकावर दोन खांब, म्हणजे स्पेनचं. एकावर तलवार उगारलेला घोडेस्वार, ते हॉलंडचं. आणि त्या दोघांच्या मध्ये होता एक रानमाणूस. अंगभर केस, कमरेला पानं, हातात मुळासकट उपटलेलं झाड. जर्मनीतल्या हार्झच्या खाणींच्या चांदीतून साडेतीनशे वर्षांपूर्वी पाडलेला थालर. मी तो फक्त पुस्तकात पाहिला होता.

तुम्ही जमवणारे आहात, तुम्हाला कळेल. ती चांदी जहाजांनी सुरतेला उतरायची आणि टांकसाळीत वितळून तिचे रुपये व्हायचे. त्या भट्टीतून सुटून आपल्या इकडं पोचलेलं नाणं म्हणजे जणू पुरातून वाचलेलं माणूस.

"बाई, हे कुठून आलं?"

"माह्या मायच्या गऱ्यातून. तिले तिच्या मायनं देल्लं. लई मांगं कोणी बंजारी मीठ घेऊन आला होता, तेनं लाखेच्या बदल्यात देल्लं म्हणत." तिनं रानमाणसावर अंगठा फिरवला. "हा आमचा जंगलातला बुढा होय. झाड धरून उभा आहे, पाहा."

"मला देता का? मागाल ते देतो."

"देव इकते का कोणी?" ती हसली नाही. "हा माह्या संगं मातीत जाईल. हा गऱ्यात नसला त वरचे मले ओरखतील का?"

मी बैलाला सुई टोचली आणि निघालो. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

सालेकसाच्या बाजारात बिसराम सोनाराचं दुकान होतं. पायऱ्या तीन, आत ऐरण, भाता आणि त्याची पाठ टेकायची भिंत. माणूस साधा. दोन वर्षांपूर्वी त्याची म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलेलं. सकाळपासून दुपारपर्यंत खांद्यापर्यंत हात घालून मी ते सोडवलं होतं. म्हैस जगली, तिच्या दुधावर त्याच्या पोरींची शिक्षणं चालली. तेव्हापासून बिसराम माझा शब्द खाली पडू देत नसे.

हे मला माहीत होतं. म्हणूनच मी त्याच्याकडं गेलो.

नोव्हेंबरात दुर्पताच्या माळेची एक कडी झिजून तुटली आणि ती माळ घेऊन त्याच्याकडं येणार, हे कळल्यावर मी त्याला काम सांगितलं. तिन्ही मोठ्या नाण्यांचे साचे घे, तशीच नाणी ओत, ती माळेत घाल आणि खरी मला दे.

बिसरामनं भाता चालवायचा थांबवला.

"साहेब, बुढी दर बाजाराले माह्या पायरीवर बसते. इस्वासानं माळ काढून देते. हे काम माह्यानं नाही होत."

"बिसराम, तुझी म्हैस मरत होती तेव्हा 'माह्यानं नाही होत' असं मी म्हटलं का?"

त्यानं मान खाली घातली. दोन दिवसांनी त्यानं तीन नाणी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. जर्मनीची अस्सल चांदी काढून त्यानं तिथं जर्मन सिल्व्हर घातलं होतं, ज्यात चांदी नावालाही नसते. मी तेव्हा या गोष्टीवर हसलोही होतो.

पाचव्या दिवशी दुर्पता दवाखान्यात आली. कोसमटोल्याहून चालत, चौदा किलोमीटर. माझं नाव तिला कोणी सांगितलं नव्हतं, बिसरामनं तर नाहीच. दारात उभी राहिली.

"डॉक्टर, माहा बुढा कोणीतरी बदलवला."

"म्हणजे?"

"हा तो नाही होय. तो गऱ्यात गरम राहे. हा थंडा आहे. मेल्यावानी."

"कडी नवी घातली म्हणून तसं वाटत असेल, बाई. मला काय माहीत?"

रानमाणूस त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात होता, कापसात गुंडाळलेला. हातात आल्यापासून मी तो अंगापासून वेगळाच केला नव्हता. दुर्पतानं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. ती खिशाकडं पाहत राहिली. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली,

"असू दे. माहा बुढा जठी, मी तठी. मी येऊन राहीन."

आणि चालत परत गेली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती वारल्याचं कळलं. आजार नाही, काही नाही. खोट्या माळेसकट तिला पुरलं.

त्यानंतर चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, माझी बायको ओमेश्वरी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"परसात कोणी बाई आली आहे का?"

"का?"

"माळ वाजून राहिली. कोणीतरी चालून राहिलं अन् माळ वाजून राहिली."

परसात कोणी नव्हतं. ऊन होतं, दोरीवर कपडे होते. पण वास आला... सुकायला घातलेल्या मोहफुलांचा, गोड आणि आंबूस. जानेवारीत मोह कुठला? मोह फुलायला अजून दोन महिने होते. मी आत जाऊन कपाट उघडलं. बाहेर हातपाय आखडतील अशी थंडी, कपाटाचं लोखंड गार, डब्यातली बाकीची वीस नाणी गार. ती तीन मात्र ऊबदार होती. आताच कोणाच्या तरी गळ्यातून काढल्यासारखी.

मी डबा बंद केला. ओमेश्वरीला काही सांगितलं नाही.

मग हे रोजचंच झालं. दुपारची रेल्वे गेली की घराभोवती ती माळ वाजायची. घाई नाही, थांबणं नाही. एक फेरी झाली की दुसरी. आणि जनावरं... वीस वर्षं मी जनावरांत काढली, मारक्या सांडालाही मी हात लावला की तो शांत व्हायचा. आता गोठ्यात पाऊल टाकलं की गाईबैल दावी ताणून मागं सरायचे. माझ्याकडं बघून नाही. माझ्या मागं बघून.

तरी मी नाणी परत केली नाहीत. मार्चअखेर नागपूरला नाण्यांचं मोठं प्रदर्शन होतं, त्यात माझं नाव लागलं होतं. रानमाणसाचं नाणं मध्य भारतात सापडलं म्हणून मोठमोठे लोक बघायला येणार होते. एवढं झालं की बघू, असं मी स्वतःला सांगत होतो.

फेब्रुवारीत बिसराम घरी आला. मी दार उघडलं तर मला त्याचं फक्त टक्कल दिसलं. हनुवटी छातीला लागलेली.

"मान वर होऊन नाही राहिली, साहेब. ओझं आहे. गऱ्यात कोणी काही टाकलं, अन् ते दररोज जड होऊन राहिलं."

मी त्याला गोंदियाला घेऊन गेलो. एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायचं ठरलं. तिथला माणूस हिंदीत बोलणारा, कामात गर्क. बिसरामनं शर्ट-बनियन काढलं आणि यंत्रापुढं उभा राहिला. मी दाराशी होतो. पाच मिनिटांनी तो माणूस ओली फिल्म हातात घेऊन चिडून बाहेर आला.

"चाचा, बोला था ना, गले का निकालो पहले?"

"गऱ्यात काही नाही, भाऊ," बिसराम म्हणाला.

खरंच काही नव्हतं. उघडी छाती, पांढरे केस, बस्स. त्या माणसानं पुन्हा एक्स-रे काढला. या वेळी तो चिडला नाही. फिल्म उजेडाला धरून नुसता उभा राहिला. गळ्याच्या हाडाखाली तीन पांढरे गोल होते, एकापाशी एक. कडा अगदी स्वच्छ.

डॉक्टर म्हणाले, फिल्मच खराब असेल. पण बाहेर पायरीवर बसल्यावर बिसरामनं माझा हात धरला. मान वर होत नव्हती, म्हणून तो माझ्या गुडघ्यांशी बोलला.

"तीन आहेत. तिन्ही तुमच्यापाशीच आहेत ना, साहेब?"

"हो."

"वापस करून द्या. आजच चला. मी तुमच्या शब्दाखातर केलं... माह्या गऱ्यात काऊन?"

मी म्हटलं, "प्रदर्शन होऊ दे. महिन्याभराचा प्रश्न आहे. मग आपण दोघं जाऊ."

त्यानं माझा हात सोडला.

प्रदर्शन झालं. रानमाणसाभोवती दिवसभर गर्दी होती. काचेखाली तो झाड धरून उभा होता, आणि माझे फोटो निघत होते. दुपारी तीनच्या सुमारास ओमेश्वरीचा फोन आला. बिसराम गेला होता. भर बाजाराच्या दिवशी, लोकांच्या देखत, ऐरणीपुढं बसल्या बसल्या त्याची मान पुढं गेली आणि मोडली. बाहेर पायरीवर बसलेल्या गिऱ्हाइकांनी तो आवाज ऐकला. वाळलेली फांदी मोडल्यासारखा, असं ते सांगत होते.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. नंदाबाई, त्याची बायको, दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"आखरीच्या आठ दिवसांत तेईनं देवाचं नाव घेतलं नाही. तुमचं घेतलं," ती म्हणाली. "साहेब येतील, मंग आमी दोघं जाऊ. हेच बोलून राहिले होते. तुमी आले नाही."

तिनं दार लावून घेतलं.

त्याच दुपारी तिन्ही नाणी घेऊन मी कोसमटोल्याला गेलो. एप्रिल लागला होता, आता खरोखरच मोह गळत होता, सगळं रान त्या वासानं भरलेलं. दुर्पताची लेक शामकला अंगणात फुलं वाळत घालत होती. मी फडकं सोडून नाणी तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. बिसरामचंही.

मला वाटलं होतं ती ओरडेल, लोक जमवेल. तिनं नाण्यांना हातही लावला नाही. मग आतून आपल्या मामाला, मनिरामला, हाक मारली. मनिराम म्हातारा होता, दुर्पताचा धाकटा भाऊ.

"म्हणून नाही येत तुही माय घरी," तो शामकलाला म्हणाला.

मग त्यानं मला समजावलं. मेलेल्या माणसाला ते तसंच रानात सोडत नाहीत. बोलावून घरात आणतात, घरच्या देवांत बसवतात. ओसरीवर राख चाळून पसरायची, सगळ्यांनी पाठ फिरवून बसायचं. राखेत पाऊल उमटलं की माणूस घरी आलं. दुर्पताला त्यांनी तीनदा बोलावलं होतं. तिन्ही वेळा राख जशीच्या तशी.

"तीन महिने झाले, माही माय घरी नाही," शामकला म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, तरी मला तिच्याकडं बघवेना. "ती तुमच्या दारी बसून होती."

आम्ही तिघं टोल्यामागच्या पुरायच्या जागी गेलो. मनिरामनं दगड बाजूला केले, उशाकडची माती हातभर उकरली आणि मला म्हणाला, "तुमच्याच हातानं ठेवा." मी नाणी ठेवली. रानमाणूस सगळ्यांत शेवटी. अजूनही गरम होता. तो ठेवताना बोटांना माती लागली ती बर्फासारखी गार, आणि मग... मग नाणंही गार झालं. बोटांखालीच. मी तुम्हाला सांगतो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझा श्वास मोकळा झाला.

त्यांनी त्याच दुपारी तिला पुन्हा बोलवायचं ठरवलं. मला म्हणाले, थांबा. शामकलानं फुलं गोळा करून अंगण ताजं सारवलं, हिरवंकाळं, ओलसर. ओसरीवर पांढरी राख चाळून पसरली. घरची सात-आठ माणसं अंगणाच्या कडेला पाठ करून बसली. मी परका, म्हणून मला त्यांच्यापासून दूर, मोहाच्या झाडाखाली बाज टाकून दिली. मीही घराकडं पाठ करून बसलो. मनिराम गोंडीत काहीतरी पुटपुटत होता. वारा पडलेला. मोहाचं एखादं फूल पालापाचोळ्यावर पडायचं, तेवढाच आवाज.

मग माळ वाजली. अंगणातून, ओसरीकडं, हळूहळू. या वेळी ती फिरत राहिली नाही. आत गेली आणि थांबली.

कोणीतरी हुंदका दिला. मनिरामनं उठायला सांगितलं. राखेत लहानशी अनवाणी पावलं होती, बाईची, उंबरठ्याच्या आत गेलेली. शामकला रडत रडत हसत होती, बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी लांबूनच हात जोडले. संपलं, असं वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात मनिराम खाली वाकला.

"हे कोण होय?" तो म्हणाला.

त्या लहान पावलांच्या बाजूनं आणखी एक माग होता. पुरुषाचा, मोठा, टाचा खोल रुतलेल्या, ओझं घेऊन चालल्यासारख्या. तो तिच्यासोबत ओसरीवर आला होता. उंबरठ्यापाशी थांबला होता. आत गेला नव्हता. तिथून वळला होता आणि पायांना लागलेली राख घेऊन अंगणात उतरला होता. सारवलेल्या हिरव्या जमिनीवर पांढरी पावलं, एकामागून एक, सरळ मोहाच्या झाडाकडं. माझ्या बाजेपर्यंत.

परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. कोणीच माझ्याकडं आलं नाही. शामकलानं डोळे पुसले, खराटा घेतला आणि ओसरीपासून ती पावलं झाडत झाडत माझ्याकडं येऊ लागली. बाजेपासून दोन हातांवर थांबली. तिथली शेवटची दोन पावलं तिनं झाडली नाहीत. ती बाजेच्या अगदी मागं होती, मी इतका वेळ बसलो होतो त्या जागेच्या पाठीशी, बोटं माझ्याकडं केलेली.

"आमची माय आमच्या घरी आली," ती म्हणाली. "हा माणूस आमचा नाही होय, डॉक्टर. हा तुमचा आहे. घेऊन जा."